वकीलसाहेबांची डावी बाजू

१० नोव्हेंबर, रविवार

ऋग्वेदने बंगळूरहून कॅमेरा पाठवला. माझ्या निवृत्तीची भेट. निवृत्ती जूनमध्ये झाली, भेट नोव्हेंबरात आली. मुलगा बापावर गेलाय, तारखेवर तारीख घेतल्याशिवाय काही करत नाही.

फोनवर म्हणाला, "आई, हा ब्रिज कॅमेरा. मोबाईल आणि तो मोठा व्यावसायिक कॅमेरा, ह्या दोघांच्या मधला. लेन्स बदलायची भानगड नाही. आणि झूम इतका की चंद्रावरचे खड्डे दिसतील."

मी म्हटलं, खड्डे मला झूम न करताही दिसतात, रेल्वे गेटपर्यंत भाजी आणायला जाते की रोज.

नागुबाई भांडी घासत ऐकत होती. ती शेजारच्या कंग्राळी गावाहून येते आणि आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं मत असतं. "बिरिज म्हंजे पूल न्हवं? मग आमच्या नदीवरच्या पुलाचा फोटो काढायला दिलाय व्हय?" तिला मधला-बिधला समजावून सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "म्हंजे धड ह्यो न्हाय, धड त्यो न्हाय. आमचा धाकला दीर बघा."

पहिला फोटो तिचाच काढला. बघून म्हणाली, "बाई, ही मी न्हाय. ही माझी सासू हाय."

वकीलसाहेबांनी, म्हणजे आमच्या आनंदरावांनी, कॅमेरा हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं, "बरा आहे" म्हणाले आणि टेबलावर ठेवला. टेबलावर म्हणजे टेबलाच्या काठावर, निम्मा बाहेर. मी झेपावले म्हणून वाचला. दुसऱ्याच्या वस्तूची कदर म्हणून नाही.

ऋग्वेद म्हणतो, रोज काय केलं ते लिहून ठेव, चुका लक्षात येतील. मी हायस्कुलात गणित शिकवलं. दुसऱ्यांच्या चुका मला न लिहिताही लक्षात राहतात. तरी लिहिते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मोबाईलवर एका पोराचे धडे ऐकले. तो म्हणतो, मुख्य वस्तू चौकटीच्या मधोमध ठेवू नये, एका बाजूला ठेवावी, म्हणजे फोटो बोलतो. सकाळी ह्यांचा चहाचा कप नेहमीप्रमाणे टेबलाच्या डाव्या अंगाला होताच, शेजारी खव्याच्या गोड कुंद्याची बशी मांडली, खिडकीतलं ऊन बरोबर वाफेवर आलं. मी श्वास रोखून बटण दाबणार, तेवढ्यात वकीलसाहेब पेपर घेऊन बसले आणि कोपराने कप आडवा केला. फोटो बोलला नाही, मी बोलले.

"चहा तिथे कशाला ठेवतात? समोर ठेवायचा असतो," असं वर मलाच.

"लग्न झाल्यापासून तिथेच ठेवते आहे."

"मग आजपासून समोर ठेव."

कुंद्यात चहा गेला. नागुबाईने तो खाल्ला आणि असाच करत जावा म्हणाली.

१७ नोव्हेंबर, रविवार

फोटो काढणाऱ्यांची एक टोळी दर रविवारी सकाळी किल्ल्याच्या तलावावर जमते, तिच्यात सामील झाले. सगळे पुरुष, सगळ्यांच्या पोटावर तोफा. एकाची लेन्स तर आमच्या विहिरीवरच्या पंपाएवढी होती, ती धरायला त्याने तीन पायांचा स्टँड आणला होता, आणि स्टँड धरायला बायको.

टोळीचा म्होरक्या समर्थ नावाचा तरुण आहे. माझा कॅमेरा बघून त्याचा चेहरा झाला तो मला ओळखीचा आहे. नापास मुलाच्या पालकांशी बोलताना मी तसाच करायची.

"आंटी, ब्रिज आहे होय. शिकायला बरा असतो. फक्त ह्याचा सेन्सर लहान, उजेड कमी झाला की फोटोत दाणे येतात."

"येऊ देत. चटणीला होतील."

पुढचा तासभर मी पाण्याचे फोटो काढले. काढायचे होते बगळ्याचे. बगळा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसतो. कॅमेऱ्याला डोळा लावून झूम केला की बगळा गायब, नुसतं पाणी. जरा डावीकडे सरकवावं तर कमळाची पानं. उजवीकडे सरकवावं तर कुणाच्या तरी पँटचा खिसा. खिसा मात्र सुरेख आला, शिवण न् शिवण मोजता येते.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज वेडा राघू, तो माश्या टिपणारा छोटा पक्षी, फोटोत मिळाला, आणि तो मिळवून दिला वकीलसाहेबांनी. हे लिहिताना मला काही फार आनंद होत नाहीये.

गच्चीत होते. समोरच्या तारेवर हिरवागार राघू येऊन बसला. मी झूम करते आणि आभाळ येतं, आभाळ आणि परत आभाळ. हे जिन्यातून वर आले, दाराशीच थांबले.

"काय शोधतेस?"

"राघू. डोळ्याला दिसतो, ह्यात घातला की पळतो."

"तो पळत नाही. तू नळीतून बघतेस." आवाज असा की जणू मी त्यांची अशील आहे. "नळी हवेत फिरवत बसलीस तर काही सापडणार नाही. आधी हलत नाही अशी वस्तू धर. तो खांब धर. खांबावरून वर जा. तार लागली की तार सोडू नकोस, तारेवरून सरक. सावकाश. घाई केलीस की हातातलं पण जातं."

खांब धरला, वर गेले, तार धरून सरकले, आणि राघू आला. चोचीत माशी, माशीचे पाय सुद्धा दिसले.

"तुम्हाला कसं ठाऊक हे?"

"सवय," म्हणाले आणि खाली निघाले. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने भिंत, एकेक पायरी पायाने चाचपत, नव्या नवरीसारखे. हल्ली चालण्यात फार नखरा आलाय.

२ डिसेंबर, सोमवार

वकीलसाहेबांनी स्कूटर त्यांच्या ज्युनिअरला देऊन टाकली. का, तर चालणं तब्येतीला चांगलं. मग संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला चला म्हटलं तर नको. दिवेलागणीनंतर घराबाहेर पाऊल नाही. वाचनालयात व्याख्यान होतं, त्याला पण गेले नाहीत. कोंबडीसारखं झालंय, सूर्य बुडाला की खुराड्यात. म्हातारपण लवकर लावून घ्यायची हौस, दुसरं काय.

कालच्या राजहंसगडावरचे फोटो मोबाईलवर घेऊन दाखवले. एका फोटोत माझ्या बोटाने डावा कोपरा अख्खा झाकलाय, गुलाबी भोपळा ठेवल्यासारखा.

"सुंदर," म्हणाले. "बुरूज काय आलाय."

"आणि बोट?"

"कुठलं बोट?"

"हे, एवढं मोठं."

त्यांनी मोबाईल जरा लांब धरला, मान वळवली, आणि मग म्हणाले, "मी आशय बघतो, सुनंदा. किरकोळ त्रुटींवर मी जात नाही."

सरकारी वकिलाच्या कागदात एक वेलांटी चुकली तर आठवडाभर हसणारा हा माणूस. माझ्या फोटोंकडे नीट बघायची सुद्धा ह्यांना गरज वाटत नाही. ह्यापुढे दाखवणार नाही.

८ डिसेंबर, रविवार

निपाणीला जाऊन आलो. अक्काताईंच्या नातवाचं बारसं. अक्काताई ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी मला फोनवरच हुकूम सोडला होता, "फोटोवाला सांगितलेला न्हाय बघ. तूच काढायचे. फुकटात आणि चांगले."

हॉल अंधारा, दाणे भरपूर. बाळ सोडून सगळे स्थिर बसले होते. पण त्या धड्यावाल्या पोराने सांगितलेली एक युक्ती जमली. बटण दाबून धरलं की कॅमेरा खटाखट फोटो काढत सुटतो, मग त्यातला बरा तो ठेवायचा. ह्यांची एन्ट्री मी तशीच टिपली आणि त्यात एक प्रकरण टिपलं गेलं.

अक्काताई दाराच्या डाव्या बाजूला पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. भाऊ आला म्हणून तोंडभर हसल्या, ताट पुढे केलं. आणि आमचे वकीलसाहेब त्यांच्या अगदी खांद्याला लागून सरळ पुढे निघून गेले. अक्काताईंनी बाही ओढली तेव्हा असे दचकले की ताटातले पेढे खाली.

"बहिणीला ओळखत न्हाईस होय रं आता? एवढा मोठा झालास?"

"अगं नाही आक्का, विचारात होतो."

"कसल्या विचारात? मी काय खांब हाय व्हय?"

निघेपर्यंत अक्काताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या पानात मठ्ठा वाढला नाही, त्यावरून मला कळलं. मी ह्यांची बाजू घेतली नाही. का घ्यावी?

परतीच्या बसमध्ये ते फोटो एकामागून एक बघितले. डोळे समोर, नाकाच्या शेंड्यावर, काही केल्या बाजूला वळत नाहीत. पेढ्याचं ताट दंडाला टेकलं तरी नाही. काय ही घमेंड. फक्त दचकल्याच्या फोटोत चेहरा घाबरलेला आलाय, रस्ता चुकलेल्या माणसासारखा. कमी उजेडात असं होतं, समर्थ म्हणालाच होता.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळचं आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही नव्हतं.

गच्चीतून कोपऱ्यावरच्या तारेवरचा कोतवाल पक्षी बघत होते. तो खाली झेपावला, मी त्याच्या मागे कॅमेरा खाली आणला, आणि कोतवालाऐवजी वकीलसाहेब आले. हातात भाजीची पिशवी. रस्ता ओलांडायला कडेला उभे. झूम पूर्ण होता, त्यामुळे कपाळावरचा घाम दिसत होता. म्हटलं, चला, फुकटात मॉडेल मिळालं.

ते उभेच राहिले. रिक्षा गेली, टेम्पो गेला. मग रस्ता रिकामा झाला. पार रिकामा. तरी उभे. मान डावीकडे पूर्ण वळवली, मग उजवीकडे पूर्ण, परत डावीकडे, घुबडासारखी. मला हसू आलं होतं, हे लिहायलाच हवं.

मग शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली आणि ओलांडायला लागली. हे तिच्या मागे निघाले. अगदी मागे, तिच्या दप्तरावर डोळे ठेवून, लहान मूल आईच्या मागून जातं तसे. मध्यावर मुलगी गपकन थांबली, कारण डावीकडून मोटारसायकल येत होती. हे थांबले नाहीत. मुलीच्या बाजूने पुढे गेले.

मी ओरडले. इतक्या जवळ दिसत होते की हात लांब केला तर सदरा हातात आला असता. गच्चीतून त्या कोपऱ्यापर्यंत हाक पोचत नाही.

मोटारसायकलवाल्याने ब्रेक मारला. आरसा पिशवीत अडकला, पिशवी फाटली, टोमॅटो रस्त्यावर. तो माणूस तोंडाने काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही, पण दिसलं. ह्यांनी हात वर करून माफी मागितली. मग खाली वाकून टोमॅटो गोळा करायला लागले. समोरचे उचलले. डाव्या चपलेला चिकटून एक मोठा लाल टोमॅटो पडला होता, तो उचलला नाही. परत वाकले, जमिनीवरून हात फिरवला, तो टोमॅटो बोटभर अंतरावर राहिला. मुलीने तो उचलून त्यांच्या हातात दिला तेव्हा परत दचकले. बारशाच्या फोटोतला तोच चेहरा. आज भरपूर ऊन होतं.

मी खाली आले आणि फाटकाच्या डाव्या खांबाला टेकून गप्प उभी राहिले. ते आले. कडी चाचपली, फाटक उघडलं, माझ्या शेजारून आत गेले. माझा पदर त्यांच्या मनगटाला लागला असेल.

"अहो," मी म्हटलं.

जागच्या जागी उडाले. "तू कधी आलीस?"

"मी इथेच आहे."

"दिसली नाहीस."

"नाही. दिसले नाही."

टोमॅटो त्यांनी पोटाशी धरलेले होते.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"समोरचं दिसतं. वाचता येतं, तुझा चेहरा दिसतो." मग जरा हसले. "जन्मभर लोकांची बाजू मांडली. आता बाजूच राहिली नाही बघ. डावी तर काहीच नाही."

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं. आधी वाटलं चष्म्याचा नंबर असेल. मग जिन्यावरून पडता पडता वाचलो तेव्हा कळलं. आप्पांना झालं होतं तसंच आहे हे." आप्पा म्हणजे माझे सासरे. "त्यांना शेवटी दिवस आणि रात्र एवढंच कळायचं. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येत नाही. मग जाऊन काय करायचं?"

"म्हणून उरलेलं पण घालवायचं?"

"तुला सांगितलं असतं तर कोर्ट बंद केलं असतंस."

"केलंच असतं."

"म्हणून सांगितलं नाही." मग हळूच म्हणाले, "आणि तू आत्ता कुठे मोकळी झालीस. घरात काठी धरायला कुणीतरी लागणार म्हणून शाळेतून सुटलीस का?"

मी आत जाऊन कुकर लावला. कांदा चिरला नव्हता, त्यामुळे डोळ्यांना द्यायला काही कारण सापडलं नाही. नागुबाई आली, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच कशावरही मत न देता कामाला लागली.

माशीचे पाय दिसतात मला त्या कॅमेऱ्यातून. माशीचे पाय.

१९ डिसेंबर, गुरुवार

नेत्रतज्ज्ञाकडे नेलं. नेलं म्हणजे, "उद्या जाऊ, आज तारीख आहे" असं म्हणाले तेव्हा मी ज्युनिअरला फोन करून तारीख पुढे घ्यायला लावली. इतकी वर्षं ऐकून ऐकून मला पण येतं ते.

डॉक्टर बाई धारवाडकडच्या, मराठी येतं, पण दर वाक्याची सुरुवात 'नोडी' अशी करतात. नोडी म्हणजे कानडीत बघा. डोळ्यांच्या डॉक्टरला शोभतं.

तपासणी अशी की पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कडेला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. वकीलसाहेबांनी विचारलं, "दिसला नाही आणि तरी दाबलं तर?"

"नोडी, यंत्राला कळतं."

"म्हणजे खोटी साक्ष पकडतं. कोर्टात बसवायला पाहिजे."

मी शेजारी बसले होते. दिवे मला दिसत नव्हते, फक्त बटणाचा आवाज ऐकू येत होता. सुरुवातीला टक, टक. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. यंत्र चालू होतं.

कागद आला. दोन गोल, कडेने काळे, मध्ये पांढरं. डाव्या गोलातलं पांढरं एका रुपयाएवढं. गणिताच्या बाईला आलेख समजावून सांगावा लागत नाही.

काचबिंदू. दाब वाढून डोळ्याची नस मरत जाते, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, "नोडी, गेलेलं येणार नाही. खरं आहे ते राखता येतं. थेंब चुकवायचे नाहीत. दाब उतरला नाही तर शस्त्रक्रिया. तुमच्या वडिलांच्या वेळी एवढं नव्हतं."

आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणायची पद्धत आहे. आज ते 'खरं' मी दोन्ही अर्थांनी घेतलं.

निघताना त्यांनी विचारलं, सख्खी भावंडं कोण, मुलं किती. हे रक्तातून येतं, सगळ्यांनी तपासून घ्यायचं. वकीलसाहेब बाहेर येऊन बाकावर बसले. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "मी दोन वर्षं आक्काला सांगितलं नाही."

४ जानेवारी, शनिवार

ऋग्वेदने तिकडे तपासून घेतलं. त्याचे डोळे ठीक आहेत, दर वर्षी दाखवायचं. फोनवर पोरगा म्हणाला, "बाबा, दिवाळीत तुम्ही मला स्कूटर तू चालव म्हणून सांगत होता, आणि मी हसलो होतो." हे म्हणाले, "हसायचंच होतं त्यात. चालायचंच."

अक्काताईंना पटवायला मात्र निपाणीला जावं लागलं. मी एकटीच गेले, कारण त्यांचं भावाशी अजून बोलणं सुरू झालं नव्हतं.

"मला स्वच्छ दिसतंय. सुईत दोरा ओवून दावू?"

"दाखवा. आणि मग डॉक्टरकडे चला."

"त्यानं मला बघून न बघितल्यासारखं केलं, आणि आता डोळं माझं तपासायचं होय?"

मी त्यांना बारशाचे ते फोटो दाखवले. एकेक, सावकाश. ताट दंडाला लागलेलं. डोळे समोर. मग बाही ओढलेली आणि तो चेहरा. अक्काताईंनी शेवटचा फोटो हातात धरूनच ठेवला. मोबाईलचा उजेड गेला तरी.

"ह्याला दिसलंच न्हाय की गं मी," त्या म्हणाल्या.

मग उठल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

त्यांच्या उजव्या डोळ्यात सुरुवात आहे. अगदी सुरुवात. निपाणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता थेंब सुरू केले तर बहुतेक काही होणार नाही, दोन वर्षांनी आला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं. अक्काताईंनी तिथूनच भावाला फोन लावला. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाल्या, "आन्या, मठ्ठा पाठवू काय रं उद्या?" आणि मग दोघंही रडायला लागले. फोन माझा होता, म्हणून मला तिथून हलता आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

दाब उतरलाय. डॉक्टर बाई खूश. आम्ही दोघं मात्र रोज भांडतो.

थेंब मी घालते. घालताना हे डोळे मिटतात. मी म्हणते उघडा, हे म्हणतात उघडेच आहेत. गालावर गेलेला थेंब हिशोबात धरायचा की नाही, ह्यावर आज पाऊण तास युक्तिवाद झाला. मी हरले. हरले तरी परत घातला.

कोर्टाचं असं ठरलं की हे घरात बसून कागद बघणार, उभं राहायचं ज्युनिअरने. ठरलं ते त्यांनीच ठरवलं, मी तोंड उघडलं नव्हतं. शुक्रवारी शेवटची केस लढवली. मी मागच्या बाकावर बसले होते. जिंकले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरं झालं, जिंकलो असतो तर सोडवलं नसतं."

मी त्यांना सांगितलं, काठी धरायला मी शाळेतून सुटले नाही हे खरं आहे. पण तुम्हाला धरायला काठी लागते असं कुणी सांगितलं? मला कोपर असेल तर चालेल.

"कुणाचं कोपर?"

"तुमचं. मी धरते."

त्यावर त्यांनी कोपर पुढे केलं. तारीख नोंदवून ठेवते आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मी वकीलसाहेबांना तलावावर घेऊन गेले. टोळी जमली होती. समर्थने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "आंटी, आता तरी मोठा घेणार का?" मी म्हटलं, मला मधलाच पुरतो. तो हसला आणि ह्यांना नमस्कार केला. ते काही बोलले नाहीत, कारण तो डावीकडून आला होता. मी कोपर दाबलं, हे वळले, मग चांगली दहा मिनिटं त्याला झाडाखाली उभं करून त्याच्या काकांच्या जमिनीचा दावा कसा चालवायचा ते सांगितलं. पक्षी सगळे उडून गेले. समर्थला वाटलं आपलं भाग्य.

मग आम्ही दोघं काठाकाठाने निघालो. मी त्यांच्या डावीकडे. हळू आवाजात जे येईल ते सांगत होते. डावीकडे दगड. डावीकडे पाण्यात उतरायच्या पायऱ्या, आपल्याला जायचं नाही. डावीकडे एक जोडपं, बघू नका, त्यांना बघितलेलं आवडणार नाही.

"मग सांगतेस कशाला?"

"तुमचा हक्क आहे म्हणून."

पुढे पाण्यातून निथळत एक म्हैस वर आली आणि वाटेत उभी राहिली. काळी, भली थोरली, कानावर शेवाळ.

"डावीकडे म्हैस," मी म्हटलं.

वकीलसाहेब थांबले. मान पूर्ण डावीकडे वळवली, म्हशीकडे नीट बघितलं, आणि उजवा हात छातीशी नेऊन वाकून अदबीने म्हणाले, "नमस्कार. बऱ्याच दिवसांनी."

म्हैस त्यांच्याकडे बघत राहिली. उजेड इतका सुरेख होता, शिंगांच्या टोकांवर पाण्याचे थेंब आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर ऊन. असा फोटो त्या टोळीतल्या कुणाला जन्मात मिळायचा नाही.

मी काढला नाही. हात मोकळा नव्हता.